गुणकारी औषध आणि मेलेले उंदीर

सरांचं औषध गुणकारी होतं, यात वादच नव्हता. ते पाजलं की उंदरांची प्रतिकारशक्ती अशी काही खवळून उठायची, की तापाचा विषाणू शोधूनही सापडत नसे. मग उंदीर मरत.

उंदरांना रोज सकाळी डब्यात घालून त्यांचं वजन करणाऱ्या, सरांच्या विद्यार्थिनीला सगळी प्रयोगशाळा उंदीरताई म्हणायची. मेलेल्यांची फुप्फुसं तीच उघडून बघायची. विषाणूचा मागमूस नाही, पण फुप्फुसही धड नाही. अंगातल्या शिपायांनी चोर पकडताना घरच पाडलं होतं. औषध न दिलेले उंदीर मात्र काही दिवस केस पिंजारून कोपऱ्यात बसत, विषाणू सावकाश जाई आणि मग ते दाण्यांवर तुटून पडत.

"सर, औषधाचे उंदीर मेले."

"विषाणू गेला की नाही?"

"गेला, पण उंदीर..."

"आपला विषय विषाणूचा नायनाट. उंदीर जगवणं हा आपला विषयच नाही."

अहवालातलं उंदीर मेल्याचं वाक्य सरांनी काढायला लावलं. यापुढे औषध माणसांना पाजायचं होतं, हे तिला ठाऊक होतं. पण पदवीसाठी सरांची सही हवी होती. तिने मूग गिळले आणि वाक्य काढलं. स्वतःचीच एवढी लाज तिला कधी वाटली नव्हती.

अहवालावर सही घ्यायला ती सरांच्या घरी गेली, तर सर तापाने फणफणलेले. सध्या पसरलेला तोच ताप. काकूंनी लगबगीने फ्रिजमधून औषधाची बाटली काढली. सरांनी ती पाहुण्यांना दाखवायला ठेवली होती.

"अहो, घ्या की चमचाभर! गावभर गुण गाता, मग घरातच का लाजता?"

सरांनी पांघरूण नाकापर्यंत ओढलं. "नको, नको! मी आपला पडून राहतो. होईन सावकाश बरा."

"औषध न दिलेल्या उंदरांसारखे?" उंदीरताईच्या तोंडून निघून गेलं.

काकू चमचा धरून दोघांकडे बघत राहिल्या.

"सर, ते वाक्य परत घालू?"

पांघरुणातून आधी खोकला आला. मग आवाज आला, "घाल. पण बारीक अक्षरात."

तिने तिथेच बसून ते पहिल्या पानावर, शीर्षकाखाली, चांगलं ठसठशीत लिहिलं आणि सहीसाठी पेन पांघरुणात सरकवलं.