सेल्सोच्या नळीतली गार हवा

सकाळपासून वैदू सेल्सोच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. देव्हाऱ्यावरच्या पितळी नळीच्या एका तोंडातून बर्फासारखी गार हवा येत होती, दुसऱ्या तोंडाशी हात भाजत होता. ना वीज, ना पंखा.

"पूर्वजांचा श्वास आहे हा," सेल्सो सांगत होता. "इकडून ताप ओढतात, तिकडून बाहेर टाकतात. फक्त पाव तासाने दमतात. म्हातारे आहेत ना."

लोक हसले. सगळ्यात पुढे माझी शेजारीण कोरिंग बसली होती. मांडीवर तिची सात वर्षांची लेक लिगाया, डेंग्यूच्या तापाचा चौथा दिवस.

मी बेटावरच्या शाळेत विज्ञान शिकवते. "अकराच्या बोटीने इलोइलोच्या इस्पितळात ने तिला," मी कोरिंगला म्हणाले.

"ताप उतरलाय, बाई. हात लावून बघा."

कपाळ गार होतं. पण हातपायही गार होते आणि पोर पोट धरून कण्हत होती. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. हे मी दोनदा सांगितलं. कोरिंग नळीकडेच बघत राहिली. अकराची बोट गेली.

मग मात्र मी देव्हाऱ्याची चादर ओढली. खाली समुद्रात बुड्या मारणारे पाठीवर बांधतात तसली हवेची टाकी होती, तिची रबरी नळी थेट वर पितळी नळीत घुसलेली.

"टाकी पाव तासात रिकामी होते, म्हणून पूर्वज दमतात," मी म्हणाले. "लाल आणि पांढरा तांदूळ एकत्र हलवला तर मिसळतो; कितीही हलवा, आपोआप वेगळा होत नाही. हवेचंही तसंच. कोमट हवा आपणहून गरम आणि गार अशी फुटत नाही. टाकीत दाबून भरलेली हवा सुटते, नळीत गरगर फिरते, त्या जोरावर ही वाटणी होते. टाकी कुणीतरी यंत्राने भरलीय. त्या मेहनतीशिवाय हे होणार नाही."

"हवा देवाचीच ना, बाई?" डोमेंग कोळी म्हणाला. "टाकीत भरली म्हणून काय झालं?"

"पूर्वजांना कुठेतरी राहावं लागतंच की," सेल्सोने हात जोडले. पुन्हा हशा पिकला. माझ्या हातात नुसती चादर.

दुपारी लिगायाला रक्ताची उलटी झाली. तेव्हा कोरिंग स्वतःच धावत आली. आम्ही दोनची बोट पकडली. पोरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पलीकडचा किनारा दिसायला लागला तेव्हा तिचा श्वास थांबला होता.

सेल्सोला कुणी हाकललं नाही. आठवड्याने तो आपणच शेजारच्या बेटावर गेला.

कोरिंग अजून मला विचारते, "पण बाई, ताप तर उतरला होता ना?" दरवेळी मी तेच उत्तर देते, आणि ती मान हलवून घरी जाते.

तुम्हाला एवढंच सांगते. काही फुकट घडतंय असं कुणी दाखवलं, तर जोर कुठून येतो ते विचारा. आणि पोर आजारी असेल तर तेही विचारत बसू नका. आधी बोट पकडा.