यू म्हणजे कोण

"पुन्हा वाचा, बाबू."

तिसऱ्यांदा! माझं डोकंच फिरलं. शिपाई लहानूच्या निवृत्तीचं चार ओळींचं पत्र, इंग्रजीत होतं म्हणून टायपिंग सोडून मी त्याला मराठीत सांगत होतो: "तू तीस जूनला निवृत्त होशील. तू बत्तीस वर्षं प्रामाणिकपणे काम केलंस."

"यातलं ‘तू’ कोन्तं?"

मी ‘यू’वर बोट ठेवलं. लहानूनं ती तीन अक्षरं निरखली आणि फाइलमधून दुसरा कागद काढला. आमचे हेडक्लार्क चंपतराव त्याच दिवशी निवृत्त होणार होते. त्यांच्या पत्राची ती कार्बन प्रत.

"इथंबी हेच तीन अक्षरं आहेत. काल मोठ्या बाबूले निरोपाचं मराठी वाचून दाखवलं तवा तुमी ‘आपण’ म्हनलं. मी तिथंच चहा देऊन राहिलो होतो."

म्हणजे हा कालपासून माझ्यावर पाळत ठेवून होता! इंग्रजीचा गंध नाही आणि अक्षरं जुळवत बसतो. याला कुणीतरी पढवलंय, असा मला दाट संशय आला.

"अरे, इंग्रजीत तू, तुम्ही, आपण, सगळ्यांना एकच शब्द असतो."

"असं कसं? साहेबालेबी अन् झाडूवाल्यालेबी एकच? मले फसवून तं नाही राहिले?"

दुसऱ्या दिवशी तो सकाळीच माझ्या टेबलाशी हजर. इंदोरा वस्तीत त्याच्या शेजारी शोभाताई राहायच्या, कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. त्यांना विचारून आला होता.

"ताई म्हनते, पहिले इंग्रजीत ‘तू’ होता. ‘दाऊ’ म्हनत त्याले. ‘यू’ म्हंजे तुमी. पुष्कळ लोकायले म्हनाचं, नाहीतं मोठ्या मानसाले. मंग लोकं सगळ्यायलेच मानानं ‘यू’ म्हनाले लागले, अन् ‘तू’ बोलन्यातून गेला." तो थांबला. "तिकडून गेला, तं माह्या कागदात कुठून आला, बाबू?"

मी सव्वीस वर्षांचा, तो अठ्ठावन्नचा. नोकरीला लागल्या दिवसापासून ‘लहानू, पाणी आण’ म्हणत आलो होतो. मला लाज वाटली, आणि त्याचा रागही आला.

आमच्या ऑफिसात निरोपाच्या वेळी पत्र सगळ्यांसमोर मराठीत वाचायची पद्धत होती. लहानूच्या मनात तेच होतं.

"शनिवारी बायको येऊन राहिली. तुमीच वाचान. जे लिवलं आहे तेच वाचा. जास्तीचं नोको."

शनिवारी चंपतरावांचं झाल्यावर मी त्याचं पत्र उचललं. लहानू आणि त्याची बायको बायजाबाई पुढच्या खुर्च्यांवर अंग चोरून बसले होते. लहानू डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"आपण बत्तीस वर्षं प्रामाणिकपणे सेवा केलीत," मी वाचलं.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बायजाबाई मात्र वळून सगळ्या रांगांवरून नजर फिरवू लागली. हे कोणत्या साहेबाबद्दल चाललंय, ते ती शोधत होती.

"मांगं काहून पाहून राहिली वं?" लहानू हळूच म्हणाला. "मीच आहो."