रामीबाईचे तुटलेले शब्द

मित्रांनो, पांढरकवड्याला जमीरभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात, बंद पडलेल्या पंख्यांशेजारी धूळ खात बसलेला जुना संगणक तो मी. माझा जन्मही इथलाच. जमीरभाईंनी निकामी यंत्रांचे भाग जुळवून मला उभे केले आणि जवळच्या खेड्यातल्या सलोनीने मला घरी नेले.

सलोनी संगणकाचे शिक्षण घेऊन गावी परतली होती. शेजारच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, म्हातारी रामीबाई तिच्याकडे येऊन बसे. रानातल्या गवतांची, कंदांची, पाखरांची जुनी कोलामी नावे आता तिच्याशिवाय कुणालाच येत नव्हती. मोबाइलवर आवाज टिपायला गेले की ती गप्प होई; म्हणून ती सांगे आणि सलोनी थेट माझ्यावर टाइप करी.

"पोरी, मी गेली का हे बी जाईन," रामीबाई म्हणाली होती. "तू ठेवजो."

माझ्यात जागा थोडी. म्हणून सलोनीने एक प्रोग्राम लिहिला. तो शब्दांची यादी आकड्यांत बदलून लहानशा गाठोड्यात बांधी आणि हवी तेव्हा गाठोडे सोडून पुन्हा शब्द करी. बांधलेले जसेच्या तसे सुटते का, हे तिने तपासले. कापूस, तूर, बैलबंडी, पऱ्हाटी... प्रत्येक शब्द काना-मात्रेसह परत आला. गावच्या शाळेत त्यासाठी तिचा सत्कार झाला, तेव्हा कुणीतरी मलाही हार घातला. मग तिने रामीबाईची यादी बांधली आणि जागा व्हावी म्हणून मूळ यादी पुसून टाकली.

पावसाळ्यात रामीबाईला लकवा झाला. वाचा गेली. तिला तिचेच शब्द वाचून दाखवावेत म्हणून सलोनीने गाठोडे सोडले. बहुतेक शब्द सुरुवातीलाच तुटलेले निघाले. कोलामीतला आखूड ए आणि आखूड ओ दाखवायला तिने वेगळी चिन्हे वापरली होती. चाचणीच्या मराठी शब्दांत ती कुठे असणार? प्रोग्रामला ती ओळखता आली नाहीत आणि त्या शब्दाचे तिथून पुढचे सारे गळून पडले होते.

सलोनीने मला जमीरभाईंकडे आणले. त्यांनी बराच वेळ खटपट केली आणि हात पुसले.

"बेटा, बांधतानाच कापल्या गेलं. जे आत नाही, ते मी काढू कुठून?"

तरी सलोनी उरलेली अक्षरे वहीत उतरवून पोडावर गेली आणि तिने ती एकेक करून रामीबाईला ऐकवली. म्हातारीचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. दिवाळीच्या आत ती गेली.

मला घरी न्यायला सलोनी पुन्हा आली नाही. मित्रांनो, एखादे यंत्र तपासाल, तेव्हा त्याला सोपे तेवढेच देऊ नका. अवघड द्या, परके वाटेल ते द्या. आणि ज्याचे शब्द आहेत तो माणूस बोलता आहे, तोवरच द्या. मला इथे ठेवून निघण्याआधी सलोनीने प्रोग्राम दुरुस्त केला होता. ती दोन्ही चिन्हे आता मी नीट बांधतो, नीट सोडतो. गाठोड्यात घालायला ते शब्द मात्र कुणापाशीच नाहीत.