रस्स्याची साय

भगवंतरावांच्या हृदयाच्या नसेत स्प्रिंग बसवली, तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसाला तेल दोनच चमचे. पार्बताबाई तेव्हापासून चमचा मोजून फोडणी घालत. नवऱ्याला एकट्याला फिकं कसं वाढायचं, म्हणून आठ महिने स्वतःही तेच गिळत.

भगवंतराव मात्र अकोटच्या शिवारात कुठंही गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची पंगत बसली की हजर. वांग्याच्या भाजीवरची लाल तर्री ते इतकी घेत, की वाटीत तोंड पाहून मिशी विंचरावी. वर सांगत, "तेल सोडलं बॉ आपन." तर्री त्यांच्या लेखी तेल नव्हतीच, ती रस्स्याची साय.

परवा तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टर पार्बताबाईंवरच घसरले. "बाई, जीव घ्यायचा आहे का यांचा? तेलाचा हात आखडा."

"चुकलं असन माह्या हातून," त्या मान खाली घालून म्हणाल्या.

पंगतीत गावभराच्या गप्पा हाकणारे भगवंतराव खुर्चीतून पुढं सरकले. कसंबसं म्हणाले, "साहेब, तिले नोका बोलू. मी बाहेर चोरून तर्री पेतो."

"तर्री म्हणजे तेलच की हो."

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले. वाटेतलं चोहोट्टा गाव मागं पडलं तरी पार्बताबाई भांडल्या नाहीत. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "तर्री झनझनीत होती का हो?"

भगवंतरावांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. फिकी होती म्हणून सांगावं, तर जन्मात पहिल्यांदा त्यांना थाप सुचेना.