हळू बोला, दर्यो ऐकता

सहदेवने नारळ कानाशी धरून हलवला. पाण्याचा आवाज नाही. म्हणजे आतून कोरडा. खूश होऊन त्याने तो बाजूला ठेवला.

"ह्यो पुनवेक. दर्याक."

नारळी पुनव पंधरा दिवसांवर आली होती. होड्या सांभाळ, घरांना हात लावू नको, असं सांगत त्या दिवशी सगळं तोंडवली गाव समुद्राला नारळ देतं. सहदेवही द्यायचा. पण चांगला नारळ बाजारात खपतो आणि समुद्र काही नारळ फोडून बघत नाही, ही अक्कल त्याला बापाकडून मिळाली होती.

यमुनाबाईने नवऱ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. विम्याचे एजंट परुळेकर आले होते.

बोलावणं सहदेवनेच धाडलं होतं. गेल्या पावसात समुद्राने अंगणातले दोन माड नेले, तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. पण बोलावलेला माणूस खरंच आला म्हटल्यावर त्याला संशय आला. बोलावल्याबरोबर येतो, म्हणजे ह्याचाच काहीतरी फायदा असणार.

परुळेकरांनी सायकल अंगणाच्या टोकाला, उरलेल्या एकुलत्या एका माडाला टेकवली आणि तिथूनच खणखणीत आवाजात म्हणाले,

"समुद्राने घर नेलं, तर कंपनी भरपाई देईल!"

यमुनाबाई धावतच बाहेर आली.

"हळू बोला! ऐकता तो."

"कोण?"

"दर्यो. तेका वाटतला, नेल्यान तरी ह्यांची हरकत नाय."

दोघांनी परुळेकरांना आत घेतलं, समुद्राकडचं दार लावलं, खिडकी लावली आणि त्यांना थेट चुलीपाशी पाटावर बसवलं. धुराने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तशातच ते कुजबुजत समजावू लागले. एक विमा नुसत्या आगीचा. दुसरा आगीचा आणि समुद्राच्या पाण्याचाही, पण त्याला हप्ता जास्त. कुठला घ्यायचा ते ठरवा.

"दर्याने घर नेला नाय तर?" सहदेवने विचारलं.

"तर हप्ता कंपनीचा."

"म्हणजे ह्या घर रवांदे म्हणान कंपनी देवाक नवस करतली?"

"तसंच समजा."

"आणि आमी काय मागूचा?"

परुळेकरांनी रुमालाने डोळे पुसले.

"अहो, मी काही परका नाही. इथला, कसालचाच."

"कसालाक दर्यो खंय आसा?"

हे खरं होतं. परुळेकरांनी विषय बदलला.

"भरतीचं पाणी घरापासून किती लांब थांबतं?"

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. खरं सांगावं तर हप्ता वाढणार.

"लांब," सहदेव म्हणाला.

"खूप लांब," यमुनाबाई म्हणाली. "हंयसून दिसणा पण नाय."

"मग जादा पैसे कशाला घालवता? आगीचाच घ्या."

सहदेवचे डोळे बारीक झाले. स्वस्तातला माल पुढे करणारा एजंट! तो बायकोच्या कानाला लागला.

"पाणी येतला ता ह्येका ठावक आसा. म्हणान तर नको म्हणता." मग मोठ्याने म्हणाला, "पाण्याचोच होयो."

परुळेकरांनी खुशीत पेनाचं टोपण काढलं. इतक्यात बाहेर सायकलची घंटी वाजली. थांबून परत वाजली.

"कोण आलो?" म्हणत सहदेवने दार उघडलं.

अंगणात माणूस नव्हता. समुद्र होता.

आषाढातली अवस, त्यात भर दुपारची भरती. माडाला चारी बाजूंनी पाण्याने वेढा दिला होता. सायकल आडवी होऊन बुंध्यावर आपटत होती, आणि प्रत्येक लाटेबरोबर घंटी वाजत होती. एक लाट पायरीपर्यंत आली, उंबरठ्यावर शिंतोडे उडवून मागे गेली.

सहदेव गुडघाभर पाण्यात शिरला आणि सायकल ओढत घेऊन आला.

"आज अवस म्हणान," तो म्हणाला. "रोज नाय असा."

परुळेकरांनी लाटेकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा लाटेकडे बघितलं. पेनाला टोपण लावलं.

"मी... मुंबईला विचारून कळवतो."

"मगे आगीचो तरी देवा."

"ह्या घराला आग लागणं कठीण आहे हो," परुळेकर म्हणाले आणि निथळणारी सायकल हाताने ढकलत मागच्या दाराने निघून गेले. कुंपणापाशी कोणीतरी त्यांना हाक मारली, तरी ते थांबले नाहीत.

"बघितलंस?" सहदेव हसत सुटला. "लबाड! धरलंय तसो पळालो!"

यमुनाबाई वाकून उंबरठा पुसत होती.

"तो लबाड होतो तर हप्तो घेऊन पळालो असतो," ती म्हणाली. "न घेता गेलो कित्याक?"

सहदेवचं हसू तोंडातच राहिलं. बाहेर माडाच्या मुळाशी मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि पाण्यात पडलं. त्याने दार लावून घेतलं.

मग तो माळ्यावर चढला. एकेक नारळ कानाशी धरून हलवू लागला, हळूच, आवाज बाहेर जाणार नाही असा. बराच वेळ. शेवटी सगळ्यात जड, पाण्याने भरलेला एक नारळ त्याने निवडला, दोन्ही हातांत धरून खाली आणला आणि देवासमोर ठेवला.

मघाचा कोरडा नारळ उचलून त्याने बाजाराच्या टोपलीत टाकला. मधोमध, चटकन दिसणार नाही असा.