साक्षीदारांच्या दोन कोऱ्या ओळी

मी मसाजीचा शेवटचा कागद बोलतोय. कायदा मला मृत्युपत्र म्हणतो. नाव काढलं की लोक विषय बदलतात, म्हणून आधीच सांगतो: माझ्यामुळं कुणी मरत नाही. मला स्टॅम्पसुद्धा लागत नाही.

माझा जन्म वसमतला, वकील नीलांबरीताईंच्या कचेरीत झाला. मसाजी शिरड शहापूरकडचा मेंढपाळ. काही मेंढरं विकून त्यानं स्वतःच्या कमाईचं दोन एकर रान घेतलं होतं. ते त्याला अंजलीला द्यायचं होतं. अंजली त्याच्या मेलेल्या बहिणीची लेक, तीन वर्षांची असल्यापासून त्याच्याच घरात वाढलेली. रीतसर दत्तक कुणी घेतलं नाही. ताटात जेवलं की लेकरू आपलंच, एवढाच हिशेब. कायद्याच्या लेखी मात्र ती लेक नव्हती. मसाजीची बायको आधीच गेलेली. मी नसतो तर रान एकट्या मुलाला, प्रभूला जाणार होतं.

ताईंनी माझ्या शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. "मसाजीबाबा, इथं दोन साक्षीदार. तुम्ही अंगठा उठवताना त्यांनी बघायचं आणि तुमच्यासमोरच सही करायची. त्यांना इथंच घेऊन या ना."

"आमची माणसं कचेरीला भितेत, माय. गावातच करून घेतो."

गावात कुणी सही करीना. मसाजीचा जुना सोबती किसनराव म्हणाला, "तू अजून मेंढरामागं हिंडून राहिला, अन् मी तुझ्या मरणावर सही करू व्हय?"

"तुला सही नीट येत न्हाई, म्हणून भितो का?"

"येती की. पण असली न्हाई करायचा."

"मग बेलभंडारा उचल."

हे सगळ्यांना बराबर वाटलं. बेल आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द त्यांच्यात मोडत नाहीत. देवापुढं घोंगडी अंथरली. मसाजीनं माझ्यावर अंगठा उठवला. किसनरावानं भंडारा उचलला, मग प्रभूनं. "रान अंजीचं," प्रभू म्हणाला, आणि तेव्हा तो मनापासूनच बोलत होता. मसाजीनं माझ्या दोन कोऱ्या ओळींवर चिमूटभर भंडारा लावला. "आता देवच साक्षीदार."

घरात अकरा माणसं होती. एकाच्याही खिशातून पेन निघालं नाही.

दोन वर्षांनी मसाजी गेला. शेवटचे सात महिने तो अंथरुणात होता. त्याला भरवणं, धुणं, कूस बदलणं अंजलीनंच केलं. तेरावं झालं आणि प्रभूनं तलाठ्याकडं वारस म्हणून एकट्याचं नाव दिलं.

"दादा, तू भंडारा उचलला व्हता," अंजली म्हणाली.

"उचलला व्हता. देवाचं मी बघून घेतो. मला बी दोन लेकरं हायत, अंजे." तिच्याकडं न बघताच तो बोलला.

अंजली मला घेऊन वसमतला आली. किसनराव सोबत होता. ताईंनी मला उलगडलं आणि कोऱ्या ओळींवरचा भंडाऱ्याचा पिवळा डाग बोटानं चाचपला.

"द्या पेन, बाई," किसनराव म्हणाला. "आता करतो सही. म्या डोळ्यानं बघितलंय."

"आता केली तर ती खोटी सही होईल. मसाजीबाबांच्या हयातीत करायची होती."

"काहून खोटी? म्या तिथंच व्हतो."

"होतात. सही केली नाहीत." मग ताई हळूच म्हणाल्या, "किसनराव, तुमचं तरी मृत्युपत्र करून घ्या."

तो दाराकडं बघत म्हणाला, "बघू. एवढी काय घाई हाय?"

मला राग येतो तो इथं. माणसं लेकराच्या बारशाला अख्खं गाव जेवू घालतात, आणि त्याच लेकरासाठी दोन सह्या मागायला लाजतात. देवाची शपथ घ्या, जरूर घ्या. पण आधी दोन शहाण्या माणसांना समोर बसवा आणि त्यांच्या हातात पेन द्या. हे मी सांगतोय, आणि तुम्हीही "बघू" म्हणाल, हे मला माहीत आहे.

प्रभूनं ते रान दुसऱ्याला बटईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला दिलंय. अंजली तिथंच रोजानं खुरपायला जाते. मी तिच्या पत्र्याच्या पेटीत आहे. माझा काही उपयोग नाही, हे ताईंनी तिला दोनदा समजावलं. तरी ती मला फाडत नाही. माझ्यावर तिच्या मामाचा अंगठा आहे. तिच्या वाट्याला आलं ते एवढंच.