बेचाळीसचा घोळ

शाळेच्या आवारात बसवायची शिळा तयार झाली म्हणून बाई पाथरवटाकडे गेल्या, आणि आकड्यांपाशीच अडल्या. काय चुकलंय ते कळेना, पण मन काही घेईना.

संख्या त्यांच्या नवऱ्याची. सरांच्या पहिल्या वर्गात चोवीस मुलं होती. सरांनी फळ्यावर भलीमोठी संख्या लिहून प्रत्येकाला आपापल्या हजेरी क्रमांकाने तिला भागायला लावलं. एकापासून चोवीसपर्यंत सगळ्यांचा भाग गेला. "माझ्या वर्गात बाकी कुणी उरत नाही," असं सर म्हणायचे. आता ती मुलं आजी-आजोबा झाली होती, सरांची नजर गेली होती. आज चार वाजता सगळे शाळेत जमणार होते, आणि सर ती संख्या बोटांनी वाचणार होते.

दगडावर होतं ५३५२४२८८८०.

बाईंनी नवाचा ताळा पाहिला. अंकांची बेरीज पंचेचाळीस, म्हणजे नऊ. जीव भांड्यात पडला, तो क्षणभरच. अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, हे सरांच्या संसारात त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. मग अकराचा ताळा पाहिला. एकाआड एक अंकांची बेरीज तीस, उरलेल्यांची पंधरा. फरक पंधरा. अकराने भाग जाईना.

"दादा, फोनवर मी काय सांगितलं होतं?"

"पाच अब्ज पस्तीस कोटी बेचाळीस लाख..." पाथरवट थबकला.

"मग हे चोवीस कुठून आलं?"

"बे ऐकलं नि दोन टिपला. चाळीस मागून आलं, म्हणून चार मागे. आपले आकडेच उलट्या पायांचे, काकू. त्यात फोनची खरखर."

"आकड्यांना नावं ठेवू नका. पस्तीस बरं नीट कोरलंत."

"ते सवयीचं. शाळेत पस्तीसवरच पास होत आलो."

बाईंना हसू आलं नाही. सात, अकरा, तेरा, सतरा... मोजता मोजता नऊ जण बाहेर पडले होते. सतरा नंबर तर लांबचा प्रवास करून आला होता.

"पुसता येईल?"

"दगड आहे, पाटी नव्हे. पालथा घालतो. पण चारपर्यंत होईल असं छातीठोक सांगत नाही."

बाई स्टुलावर बसल्या आणि एकेक अंक सुटा सांगू लागल्या. पाच. तीन. पाच. चार. छिन्नी थांबली की पुढचा अंक. आता चुकलं तर तिसरी बाजू नव्हती.

शेवटचा आठ झाला, तोच दारात लेकीचा हात धरून सर उभे. "शाळेत जाण्याआधी एकदा बघू दे मला."

कुणी काही बोलायच्या आत त्यांची बोटं दगडावर फिरली. अंकाअंकाने पुढे गेली आणि शेवटी सपाट जागेवर थांबली.

"अगं, शून्य कुठाय? पाच, दहा, पंधरा, सोळा, वीस. पाच जणांना दाराबाहेर ठेवलंस की."

"मघाशी नऊ होते," बाई म्हणाल्या. "बोट काढा आधी. दादांना शून्य कोरायचंय."